पित्तनलिकेचा कर्करोग : केमोला जोड कशाची?

(दृश्य : मिरज जंक्शन, सकाळ. गाडीतून उतरणारी माणसं, हातात रिपोर्टच्या पिशव्या.)

उपचाराला मिरजेला यायची रीत जुनी आहे. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली इथं रुग्णालय उभारलं, तेव्हापासून सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही माणसं येतात. आजच्या गर्दीत पित्तनलिकेच्या, म्हणजे यकृतातलं पित्त आतड्यात नेणाऱ्या नळीच्या, कर्करोगाचे रुग्णही असतात. थोडेच, पण बहुतेक उशिरा आलेले.

उशीर होतो तो काविळीपायी. डोळे पिवळे झाले की आधी झाडपाला, पथ्य, उसाचा रस. साधी कावीळ बहुधा आपली आपणच उतरते आणि नाव होतं औषधाचं! इथं मात्र पाटात गाळ साचून पाणी मागं तुंबावं तसं गाठीमुळं पित्त तुंबतं. अंगभर खाज, लघवी गडद, शौच पांढरट. आधी दुर्बिणीतून स्टेंट, म्हणजे बारीक नळी, घालून पित्ताला वाट करायची. रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा पिवळा रंग, उतरलं की केमो.

(दृश्य : डे-केअर वॉर्ड, सलाईनच्या बाटल्या.)

केमोची नेहमीची जोडी म्हणजे जेमसिटाबिन आणि सिसप्लॅटिन. २१ दिवसांची फेरी, औषध पहिल्या आणि आठव्या दिवशी. २०१० सालच्या ब्रिटिश चाचणीत एकट्या जेमसिटाबिनवर सरासरी आयुष्य ८.१ महिने होतं, जोडीवर ११.७.

मग केमोत टार्गेटेड औषध, म्हणजे पेशीतल्या ठरावीक जागेवरच नेम धरणारं औषध, मिसळलं तर? कोरियात जेमसिटाबिन-ऑक्सॅलिप्लॅटिन या केमोत एर्लोटिनिब मिसळून पाहिलं. २०१२ साली निकाल आला. गाठी आटलेल्या रुग्णांचं प्रमाण जवळपास दुप्पट, आयुष्य मात्र दोन्ही गटांत साडेनऊ महिनेच. फ्रान्स-जर्मनीत सेटुक्सिमॅब, ब्रिटनमध्ये सेडिरानिब. तिथंही हाती फार काही लागलं नाही. सगळ्यांना सरसकट एकच औषध, आमच्या मते गफलत इथंच होती.

केमोला खरी जोड मिळाली ती इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच कर्करोगावर सोडणाऱ्या औषधाची. ड्युर्व्हॅल्युमॅब हे तसलं औषध जोडल्यावर सरासरी आयुष्य ११.५ वरून १२.८ महिन्यांवर गेलं. एवढंसंच? पण दोन वर्षांनी हयात असलेले रुग्ण बघा : केमोवर शंभरात दहा, जोडीवर पंचवीस.

टार्गेटेड औषधं आज वेगळ्या वाटेनं येतात. यकृतातल्या पित्तनलिकेचा कर्करोग असेल तर दहा-पंधरा टक्के रुग्णांत एफजीएफआर-२ या जनुकात बिघाड सापडतो, त्यांना पेमिगॅटिनिब. आयडीएच-१ या जनुकात बदल असेल तर आयव्होसिडेनिब. दोन्ही गोळ्या, बहुधा केमोचा उपयोग थांबल्यावर, केमोशिवाय द्यायच्या. आणि महाग.

(दृश्य : पॅथॉलॉजी लॅब, मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा.)

हे बिघाड शोधायचे तर बायोप्सीचा तुकडा पुरेसा हवा. तो पुण्या-मुंबईच्या लॅबला जातो, रिपोर्टला काही आठवडे लागतात. म्हणून केमो सुरू होतानाच डॉक्टरांना विचारा : साहेब, जनुकांची तपासणी पाठवायची का? आणि रुग्णालय बदलायची वेळ आली तर फाइलसोबत तो मेणाचा ब्लॉकही मागून घ्या. तो हरवला तर पुन्हा सुई टोचावी लागते.