एकच सांगाडा, दोन सण

[दृश्य : म्हापसा बाजार, शुक्रवार. उजाडायच्या आधीचा अंधार. कुठेतरी शटर वर सरकल्याचा आवाज.]

म्हापशाचा शुक्रवार उजेडाची वाट बघत नाही. चोरिसाच्या, म्हणजे गोव्याच्या डुकराच्या सॉसेजच्या, माळा टांगल्या गेल्या आहेत, मडक्यांच्या उतरंडी लागल्या आहेत, मिरच्यांचे ढीग पडले आहेत. दिवाळी पाच दिवसांवर आली आहे. रस्त्याच्या कडेला दिवाळीच्या पहाटे जाळायच्या नरकासुरांचे मुखवटे ओळीने जीभ काढून बसलेत.

त्यांच्या शेजारी एक बाई काठी खांद्यावर घेऊन उभी आहे. काठीला चौदा आकाशकंदील. डिचोलीकडच्या गावातून पहिल्या बसने ती आली. कंदिलांना सीट लागते, पण तिकीट लागत नाही, यावरून कंडक्टरशी थोडी बाचाबाची झाली. दर वर्षी होते, असं ती सांगते. हसून सांगते.

अंगाला अंग लागलं की कागद फाटतो. म्हणून कंदील आणायचे ते असे, काठीत ओवून.

[दृश्य : पडवी. कोयता, बांबू, दोऱ्याचं रीळ.]

आता थोडं मागे जाऊया, तिच्या पडवीत.

बांबू अवसेच्या सुमाराला तोडायचा. चांदण्यात तोडला तर त्याला कीड लागते, असं तिची सासू म्हणायची. सुनेने हे कधी तपासून पाहिलं नाही आणि मोडलंही नाही. बांबू चिरून, तासून बोटाएवढ्या जाड काठ्या काढायच्या. एका कंदिलाला लांब काठ्या दहा आणि आखूड पाच.

पाच लांब काठ्यांची एक चांदणी, उरलेल्या पाचांची दुसरी. दोन्ही एकावर एक ठेवायच्या, पाचही टोकं दोऱ्याने आवळायची. इथवर हातात येतं ते चपटं काहीतरी, जमिनीवर पडलेल्या चित्रासारखं. मग आतल्या बाजूला जिथे काठ्या एकमेकींना छेदतात, तिथे दोन चांदण्यांच्या मध्ये चार बोटांचा टेकू खोचायचा. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचवा बसताना काठ्या कुरकुरतात आणि चपटी चांदणी एकदम फुगते.

[काही क्षण निवेदन नाही. टेकू खोचल्याचा आवाज.]

ही गोष्ट मी तिला तीनदा करून दाखवायला लावली. चौथ्यांदा सांगितलं तेव्हा तिने सांगाडा माझ्याच हातात दिला. माझा टेकू उडून थेट अंगणात गेला.

सांगाड्यावर पतंगाचा कागद चढतो. चिकटवायला मैद्याची खळ, आणि झुरळांनी खाऊ नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद. एका बाजूचा कागद मोकळा सोडायचा, तिथून दिव्याची वायर आत जाते. खाली झिरमिळ्या. परतीचा पाऊस लांबला तर खळ वाळत नाही. मग चुलीच्या उबेला ठेवायचे. ठेवायचे म्हणजे काय, रात्रभर तिथे बसून राहायचं. पतंगाचा कागद आणि जाळ यांच्यामध्ये वीतभरच अंतर असतं.

[दृश्य : पुन्हा बाजार. गर्दी.]

"कितल्याक गे बाय?"

"अडीचशे. पात्रांव, हात लावून पळय."

पात्रांव म्हणजे मालक, पळय म्हणजे बघ. हात लावतात. सगळेच लावतात. मग मान वळते ती समोरच्या दुकानाकडे, जिथे प्लास्टिकचे कंदील घडी करून पाकिटात भरलेले आहेत. पाकीट पिशवीत मावतं, पावसात भिजत नाही, पुढच्या वर्षीही चालतं. गिऱ्हाइकाचं चुकतंय असं मला म्हणवत नाही. घासाघीस दोनशेवर येते. ती देते.

आता दोनशेंचा हिशोब. कागद, दोरा, मैदा यांचे पैसे वजा करा. बसचं तिकीट वजा करा. मग येतो सोपो. गोव्याबाहेरच्यांना हा शब्द सांगावा लागेल : बाजारात खाली पाल पसरून बसलं तरी त्या जागेचा जो रोजचा कर द्यावा लागतो, तो सोपो. पावती फाडली जाते, पदराच्या गाठीला बांधली जाते. उरलेल्या पैशांत तिच्या मजुरीचे तास बसवायला गेलात, तर ते बसत नाहीत. तिने ते कधी मोजलेच नाहीत. "घरचंच काम ना," म्हणते. मला विचाराल तर नुकसान सोप्यात नाही, या तीन शब्दांत आहे.

दुपारी पावसाची सर येते. पालावर प्लास्टिक ओढेपर्यंत दोन कंदिलांचा लाल रंग ओघळून पिवळ्यात उतरलेला असतो. ती ते बाजूला ठेवते, पण टाकत नाही.

कंदिलाच्या धंद्याला तारीख असते. नरकासुर जळला, कारीट फुटलं, फोवांची, म्हणजे पोह्यांची, ताटं रिकामी झाली, की त्या दिवसापासून कंदिलाला गिऱ्हाईक नाही. आदल्या संध्याकाळी दोनशेला गेलेला कंदील दुसऱ्या दिवशी कोणी वीसलाही मागत नाही. इतर ठिकाणी गोष्ट इथे संपली असती. उरलेला माल माळ्यावर गेला असता.

[दृश्य : बादलीत भिजलेला कागद. उघडा सांगाडा.]

इथे ती ओल्या फडक्याने कागद सोडवते आहे. पिवळा कागद, लाल कागद, झिरमिळ्या, सगळं उतरतं. खाली राहते पाच टोकांची चांदणी. आणि पाच टोकांच्या चांदणीला गोव्यात दुसरंही एक नाव आहे.

नखेत्र. नाताळाचं नखेत्र.

कागद आता पांढरा. झिरमिळ्यांऐवजी शेपूट. बाकी सगळं तेच : तेच टेकू, तीच खळ, तेच मोरचूद.

नोव्हेंबरच्या 24 तारखेला जुन्या गोव्यात नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, सुरू होतात, 3 डिसेंबरला सांव (संत) फ्रान्सिस शाव्हियेरचं फेस्त, म्हणजे सण. 8 डिसेंबरला पणजीच्या चर्चचं. फेस्ताच्या फेरीत पहिला मान खाज्यांना, मग मेणबत्त्यांना, मग बाकीच्यांना. नखेत्रं इतक्या लवकर फारशी खपत नाहीत. ती वीतभर आकाराची छोटी घेऊन जाते. पोरं हट्ट करतात, त्यांना हीच पुरतात.

मोठ्यांचा खप नाताळच्या आठवड्यात. इथलं गिऱ्हाईक वेगळं प्रश्न विचारतं. रंगाचं कौतुक नाही, आधी टेकू हलवून बघतात. कारण नखेत्र एकदा टांगलं की 6 जानेवारीला तीन राजांच्या फेस्तापर्यंत उतरत नाही, आणि डिसेंबरच्या पहाटेचं दंव पावसापेक्षा वाईट. म्हणून नाताळच्या कागदाला ती खळीचा हात दोनदा देते. आणि दर साडेतीनशे सांगते, तीनशेला देते. तीच बाई, तोच बांबू.

[दृश्य : पणजीतल्या एका हॉलमधला नाताळचा बाजार. दिव्यांच्या माळा, टेबलं, क्यूआर कोडचे फलक.]

शहरातला हा दुसरा बाजार. क्रोशाचे रुमाल, करवंटीचे दिवे, आझुलेजच्या, म्हणजे पोर्तुगीज रंगीत फरश्यांच्या, नक्षीचे मॅग्नेट, गाठींच्या विणीचं मॅक्रमे. टेबलाचं भाडं सोप्याच्या कितीतरी पट, पण इथे कोणी घासाघीस करत नाही. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावलेली असते, आणि चिठ्ठीवर छापलेल्या आकड्याशी माणूस भांडत नाही. ती आत येऊन एक फेरी मारते. एका टेबलावर बांबूची चांदणी आहे, कागद नाही, नुसता सांगाडा, सुतळीने बांधलेला. किंमत साडेसातशे.

"कागद लावूंक ना?" ती विचारते.

टेबलामागची मुलगी सांगते की ही अशीच असते.

बाहेर पडल्यावर ती बराच वेळ काही बोलत नाही. मग म्हणते, "आमचे अर्धवट राहिलेले असतात तसे."

सरकारी योजनांचं विचारलं. 2023 साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत. टोपल्या विणणारे आहेत, कुंभार आहेत, खेळणी करणारे आहेत. कंदील करणारे नाहीत. पण चवथीला वायनाची, म्हणजे वाणाची, सुपं तीच विणते, तेव्हा फॉर्मवर ती बुरूड कामाची कारागीर. 15 हजारांच्या अवजारांसाठी अर्ज भरलाय. कोयता मात्र सासूचाच राहणार.

[दृश्य : जानेवारी. पडवी. चुलीवरच्या आढ्याला टांगलेले सांगाडे.]

तीन राजांचं फेस्त झालं. कागद पुन्हा उतरले. न विकलेले सात सांगाडे चुलीवरच्या आढ्याला टांगले आहेत. धुराने बांबूला कीड लागत नाही. यातले दोन तिसऱ्या वर्षाचे आहेत. ते ओळखता येतात. दिवाळीत सैल झालेलं टोक ती लाल दोऱ्याने बांधते, नाताळात सैल झालेलं पांढऱ्या.

[कॅमेरा एका सांगाड्याच्या टोकावर. लाल, पांढरा, त्यावर पुन्हा लाल.]