आडव्या तीनचाकीवरून वाळवंटात: उन्हाचा हिशेब

मंडळी, वाचनालयाच्या या व्याख्यानमालेत बहुतेक वेळा कापसाचे भाव, संतसाहित्य किंवा राजकारण यांवर बोलणे होते. यंदा संयोजकांनी एका निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षकाला सायकलीवर बोलायला उभे केले आहे, आणि तेही नवतपा तोंडावर आलेला असताना. या विषयाला याहून योग्य हवामान मिळाले नसते.

ज्या वाहनाला रिकम्बंट ट्राइक म्हणतात, त्याला मी सोयीसाठी आडवी तीनचाकी म्हणणार आहे. दिव्यांग बांधवांची हाताने फिरवायची तीनचाकी आपण सर्वांनी पाहिली आहे. ही तिच्याहून वेगळी. हिच्या बहुतेक नमुन्यांत पुढे दोन लहान चाके आणि मागे एक असते, मधोमध जमिनीपासून जेमतेम वीत-दीड वीत उंचीवर मागे रेललेली जाळीची बैठक असते आणि पेडल अगदी पुढे असल्यामुळे पाय समोर पसरून ते मारावे लागतात. अशी रेलून चालवायची सायकल नवी नाही. १९३३ मध्ये फ्रान्सिस फॉर याने शार्ल मोशे यांनी बनवलेल्या आडव्या दुचाकीवर पॅरिसमध्ये एका तासात ४५ किलोमीटरांहून थोडे अधिक अंतर कापले, आणि पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने अशा सायकली शर्यतींतून बाद केल्या. माझ्या मते हा निर्णय विज्ञानाला धरून नव्हता. पण त्यामुळे हे वाहन शर्यतवाल्यांच्या हातून सुटून लांबच्या प्रवाशांच्या हाती राहिले. डिसेंबर २०१३ मध्ये मारिया लायरस्टॅम ही ब्रिटिश महिला अशाच तीनचाकीवरून दक्षिण ध्रुवावर पोचली. थंडीत जे वाहन इतके चालले, ते उन्हात कसे चालते, हा आजचा प्रश्न आहे.

राजस्थानातला बिकानेर ते जैसलमेर हा सुमारे ३३० किलोमीटरांचा रस्ता डोळ्यांसमोर ठेवा. वाटेत फलोदी लागते, जिथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदले गेले. माणसाच्या स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेचा जेमतेम पाचवा ते चौथा भाग पेडलपर्यंत पोचतो, बाकीची शरीरातच उष्णता होऊन राहते. म्हणजे पेडलवर १०० वॅट हवे असतील, तर अंगात ३०० ते ४०० वॅट उष्णता तयार होते. त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून तापली की वारा अंगाची उष्णता नेत नाही, उलट आणून घालतो. मग सुटकेचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम वाळणे. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. त्यामुळे नुसत्या पेडल मारण्याची उष्णता काढायलाच ताशी सुमारे अर्धा लिटर घाम लागतो. वरून ऊन आणि खालून तापलेले डांबर धरले, तर हा आकडा सहज लिटरवर जातो. आपला कूलर मे महिन्यात खोली गार करतो आणि पाऊस सुरू झाला की नुसता दमटपणा वाढवतो, त्याचे कारणही हेच: हवा कोरडी असेल तरच पाणी झपाट्याने वाळते. कोरड्या वाळवंटात हा मार्ग उत्तम चालतो, पण पाणी मिळत राहिले तरच.

इथे तीनचाकीचा मोठा गुण दिसतो. आठ-दहा लिटर पाणी दुचाकीला जड जाते. तीनचाकीत ते बैठकीच्या दोन्ही बाजूंना जमिनीलगत ठेवता येते, आणि तोल सांभाळायचाच नसल्यामुळे चढावर माणसाच्या चालीने गेले तरी वाहन कलंडत नाही. मात्र पेडलवर उभे राहून जोर लावण्याची सोय इथे नाही, हे चढावर फार जाणवते. नुसते पाणी लिटरमागून लिटर पीत राहिल्यास रक्तातले मीठ उतरते, तेही जिवावर बेतू शकते. म्हणून लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि तोच अर्धा चमचा मीठ हे घरगुती प्रमाण लक्षात ठेवावे. मीठ घातलेले कैरीचे पन्हेही चालेल.

उन्हाचा कोन हा या बैठकीचा खास प्रश्न आहे. उभ्या सायकलीवर ऊन पाठीवर येते. रेललेल्या माणसाचा चेहरा, गळा, छाती आणि नडग्या आभाळाकडे उघड्या असतात. बिकानेरहून जैसलमेरकडे जाताना दिशा पश्चिम-नैऋत्य असल्यामुळे सकाळचा सूर्य पाठीमागे राहतो आणि बैठकीची पाठ थोडी सावली करते. उलट दिशेने निघाल्यास तोच सूर्य थेट डोळ्यांत येतो. उन्हाळ्यात तिकडचा वारा नैऋत्येचा, म्हणजे जाताना तोंडावरचा. पण हवेला कमी अंग देणाऱ्या या बैठकीला त्याचा जाच कमी होतो. म्हणून मी जैसलमेरच्या दिशेची बाजू घेतो, अर्थात सकाळी अकराच्या आत सावली गाठायची असेल तरच. कपडे कोणते, हे आपल्या शेतमजुरांना शिकवायला नको: पूर्ण बाह्यांचा सैल सुती सदरा आणि डोक्या-मानेभोवती पांढरा दुपट्टा.

काट्यांविषयीही सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या वाळवंटी भागातले सायकलस्वार ज्या काट्याला शिव्या घालतात, तो म्हणजे आपल्या बांधावरचा सराटा. तो परका होऊन तिकडे गेला आणि रुजला. तीन चाके तीन वेगळ्या रेषांत धावतात, त्यामुळे दुचाकी ज्या सराट्याला चुकवून जाते तो इथे हमखास कुठल्या तरी चाकात शिरतो. उन्हात ट्यूब आपोआप फुटते असे आपल्याकडे म्हणतात. २५ अंशांची हवा ६० अंशांवर गेली तरी तिचा एकूण दाब साधारण बारा टक्केच वाढतो, चांगली ट्यूब तेवढे सहज सोसते. जुने ठिगळ मात्र उन्हात सुटते.

आता सर्वांत महत्त्वाचे. या बैठकीत कंबर, मनगटे आणि मान दुखत नाहीत, म्हणून लोक ती निवडतात, आणि उन्हात तोच तिचा धोका आहे. दुचाकीवर ऊन लागू लागले की माणूस झोकांड्या खातो, हँडल वाकडे जाते, सोबत्याला कळते. तीनचाकीवर तोल जातच नाही. शरीराचे तापमान ४० अंशांवर चढत असताना, बोलणे असंबद्ध होत असताना, माणूस निवांत रेललेला दिसतो आणि पाय फिरतच राहतात. एकट्याने असा प्रवास करू नये असे मला वाटते ते यासाठी. प्रत्येक थांब्यावर सोबत्याने एखादा साधा प्रश्न विचारावा: पुढचे पाणी किती किलोमीटरवर आहे? उत्तर अडखळत किंवा भलतेच आले, तर प्रवास तिथेच थांबवावा, माणसाला सावलीत आडवे करून कपडे ओले करावेत, जोराने वारा घालावा आणि गाडी मिळेल तिने दवाखाना गाठावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र पाणी ओतू नये.