पाव इंच

आठ वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात, तळमजल्यावर, मी एका आजोबांना व्हीलचेअर निवडून दिली. पक्षाघातानंतर डावी बाजू गेलेली. सीटची रुंदी, पाय ठेवायची पट्टी, गादी, सगळं टेप लावून मापलं होतं. पंधरा दिवसांनी गेले तर खुर्ची गॅलरीत आणि तिच्यावर पंचे वाळताहेत! आजी म्हणाल्या, "ताई, खुर्ची झकास आहे हो. न्हाणीत तेवढी जात नाही."

मी माणूस मापला होता, घर मापलंच नव्हतं. खुर्ची बाहेरून 25 इंच. चौकट 26 इंच, पण उघडलेलं दार चौकटीतलाच सव्वा इंच खातं. उरले पावणेपंचवीस. पाव इंचासाठी आजोबा पलंगावर स्पंजिंग करून घेत होते. शेजारच्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी जरा बघितलं आणि म्हणाले, "दार ठेवायचंय कशाला? पडदा लावा." बिजागऱ्यांचे स्क्रू काढले, दार भिंतीला टेकवलं, खुर्ची आत. साडेचार वर्षं ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रुग्णाला रोजची कामं पुन्हा जमवून द्यायचं शास्त्र, शिकून मला हे सुचलं नव्हतं.

म्हणून आज तुम्हाला, अपंगांची साधनं करणाऱ्यांच्या आणि वापरणाऱ्यांच्या आपल्या संस्थेचे सभासद व्हा म्हणतेय. पुण्यात हे काम जुनं आहे. जखमी जवानांसाठी 1917 साली मुंबईत निघालेली प्रशिक्षण संस्था पुढे खडकीत आली, वानवडीत 1944 साली कृत्रिम अवयव केंद्र आलं. तरी पाय बसवणारा, घरी व्यायाम घेणारा आणि रॅम्प बांधणारा गवंडी एकमेकांना ओळखत नाहीत. गवंडी जागा वाचवतो आणि घसरगुंडी बांधतो. एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

इंजिनिअरिंगची मुलं दर वर्षी माझ्यापुढे अंधांसाठी 'स्मार्ट काठी' आणतात. मी विचारते, काठी वापरणाऱ्या कितीजणांना दाखवलीत? पोरं गप्प. साधी पांढरी काठी घडी होते, हलकी असते, तिला चार्जिंग लागत नाही. याउलट एनव्हीडीए हा स्क्रीनरीडर, म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, पाहा. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने 2006 साली त्याचं काम सुरू केलं. आज तो फुकट मिळतो, मराठीही वाचतो. उच्चार जरा रोबोसारखे आहेत, ते जाऊ द्या. वापरणारा सुरुवातीपासून त्यात होता, हे महत्त्वाचं. आपल्याकडे तो 'लाभार्थी' म्हणून येतो, वाटपाच्या कार्यक्रमात फोटोपुरता. इथे तो सभासद म्हणून हवा, मतासकट.

फॉर्मची मागची बाजू कोरी आहे. तिथे तुमचं फसलेलं एक काम लिहा. माझं तुम्ही ऐकलंतच. सुतारकाकांचाही फॉर्म आणलाय. शिक्षणाच्या रकान्यात त्यांनी 'सातवी' लिहिलंय. त्यांना सभासदांच्या कोणत्या वर्गात घ्यायचं, यावर कार्यकारिणीत अजून खल चालू आहे. मी त्यांची वर्गणी भरून पावती फाडून घेतलीय.