दोन ट्यूबलाइट

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्या बाईंबद्दल बोलणार आहे, त्या कुणी एक व्यक्ती नाहीत. मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करताना माझ्यासमोर येऊन बसलेल्या अनेकींच्या बोलण्यातून मी त्यांना जुळवलं आहे, म्हणजे कुणाचीच ओळख उघड व्हायला नको. आपण त्यांना ताई म्हणू.

ताईंचं वय अडतीस. एका कार्यालयात हिशेब तपासायचं काम करतात. त्यांच्या टेबलाच्या वर एक जुनी ट्यूबलाइट आहे, तिचा चोक बिघडलेला. तिच्यातून दिवसभर एक बारीक घूंऽऽ असा आवाज येत राहतो आणि उजेड थरथरतो. शेजारच्या टेबलावरच्यांना यातलं काही जाणवत नाही. ताईंना मात्र दुपारी तीनपर्यंत आकडे दिसतात, पण डोक्यात शिरत नाहीत. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. सासूबाई म्हणतात, "आली की तोंड पाडून बसते."

दुसरी ट्यूबलाइट ताईंच्या आत आहे. शाळेत बाईंनी प्रश्न विचारला की यांचं उत्तर जरा उशिरानं यायचं. विनोदाला सगळा वर्ग हसून झाला, की मग या हसायच्या. पोरांनी नाव ठेवलं, ट्यूबलाइट. त्याला तीस वर्षं झाली. आजही साहेबांनी अचानक काही विचारलं आणि उत्तर सुचायला क्षणभर लागला, की आतून हाक येते, 'ट्यूबलाइट!' मग येत असलेलं उत्तरही अडकतं.

माझ्याकडे त्या स्वतःसाठी आल्याच नव्हत्या. सात वर्षांच्या मुलाची तपासणी चालू होती आणि त्या त्याची प्रश्नावली भरत होत्या. अर्ध्या पानावर पेन थांबलं. म्हणाल्या, "मॅडम, हे तर माझंच लिहिलंय." असं खूप आयांच्या आणि वडिलांच्या बाबतीत होतं. पुढे त्यांचंही निदान झालं, ऑटिझम आणि एडीएचडी, दोन्ही. ऑटिझम म्हणजे इतरांशी संवाद आणि आवाज-उजेडासारख्या संवेदना वेगळ्या तऱ्हेनं अनुभवणारी मेंदूची घडण, आणि एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं अवघड जाणारी घडण. अमेरिकेच्या ज्या निदान-पुस्तिकेचा आपल्याकडेही आधार घेतला जातो, तिच्या नियमांनुसार २०१३ पर्यंत ही दोन निदानं एकाच माणसाला एकत्र देताच येत नव्हती. ताईंच्या पिढीतली किती माणसं या फटीतून निसटली असतील, याचा विचार करून मला आजही वाईट वाटतं.

इथे एका शब्दाबद्दल बोलते. ऑटिझमला आपण मराठीत 'स्वमग्नता' म्हणतो. मला हा शब्द खुपतो. स्वतःत मग्न, म्हणजे इतरांची फिकीर नसलेला, असं कानाला वाटतं. ताई तर आयुष्यभर इतरांच्याच चेहऱ्याकडे बघत जगल्या आहेत. आता हसायचं का? नजरेला नजर किती वेळ द्यायची? हळदीकुंकवाला कुणाशी काय बोलायचं, हे त्या आदल्या रात्री घोकून जायच्या. डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश अभ्यासक. त्यांनी २०१२ मध्ये मांडलं, की न समजण्याची अडचण दोन्ही बाजूंनी असते. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं कळत नाही, तसंच इतरांनाही त्याचं कळत नाही. पण समजून घ्यायची मेहनत मात्र एकाच बाजूकडून मागितली जाते.

ऑटिझम, एडीएचडी, डिस्लेक्सिया (म्हणजे वाचणं-लिहिणं अवघड जाणं) अशा वेगळ्या घडणीच्या मेंदूंसाठी हल्ली 'न्यूरोडायव्हर्जंट' हा शब्द वापरतात. ही माणसं मोठी होईपर्यंत त्यांच्या अंगाला किती विशेषणं चिकटलेली असतात! धांदरट, वेंधळी, घुम्या, एककल्ली, माणूसघाणा. आणि सगळ्यात जिव्हारी लागणारं वाक्य, 'हुशार आहे, पण आळशी आहे.' मेंदूच्या घडणीला औषध लागेल किंवा लागणार नाही, पण या विशेषणांच्या ओझ्याला काहीतरी उपचार लागतोच. त्यांतल्याच एका उपचाराबद्दल आज सांगायचं आहे.

त्याचं नाव अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी. स्वीकार आणि बांधिलकी यांवर उभा असलेला मानसोपचार. थोडक्यात त्याला 'अ‍ॅक्ट' म्हणतात. तो उभा करणाऱ्यांतले मुख्य नाव स्टीव्हन हेज. हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. १९७८ मध्ये विभागाच्या बैठकीत त्यांना बोलायचं होतं. तोंड उघडलं, पण घशातून आवाजच निघेना. भीतीचा तो पहिला झटका. पुढची काही वर्षं ते त्या भीतीशी लढत राहिले आणि जितके लढले तितकी ती वाढत गेली. स्वतः मानसशास्त्र शिकवणाऱ्या माणसाची ही गत! त्या अनुभवातून आणि पुढच्या संशोधनातून ही पद्धत आकाराला आली. तिच्यावरचं पहिलं मोठं पुस्तक १९९९ मध्ये निघालं.

महाराष्ट्रात आपल्याला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती चांगली ओळखीची आहे. कि. मो. फडके सरांनी ती इथे रुजवली. मनात अविवेकी विचार आला, की त्याला जाब विचारायचा. 'मी मूर्ख आहे' याला पुरावा काय? एका चुकीनं माणूस मूर्ख ठरतो का? या पद्धतीनं असंख्य लोकांना बळ दिलं आहे, मी स्वतः ती वापरते. स्वतःला विनाअट स्वीकारा, असं एलिसही सांगत. पण ताईंसारख्यांच्या बाबतीत एक पेच येतो. पुराव्याचा प्रश्न विचारला की त्या पुरावे देतात! तीस वर्षांचे, तारीखवार. कुठली बस चुकली, कुठलं बिल भरायचं राहिलं, कुणाच्या बारशाला काय बोलून गेल्या. त्या वादात मी हरते आणि त्याही हरतात.

अ‍ॅक्टमध्ये तो वाद घालायचाच नाही. विचार खरा की खोटा, हे बाजूला ठेवायचं. तो विचार म्हणून आला आहे, एवढं ओळखायचं. 'मी ट्यूबलाइट आहे' याऐवजी 'मी ट्यूबलाइट आहे असा विचार आत्ता माझ्या मनात आला आहे'. हे वाक्य सावकाश म्हणून बघा. मध्ये बोटभर जागा तयार होते. आणखी एक जुना प्रयोग आहे, टिचनर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं शंभरेक वर्षांपूर्वी सांगितलेला. एकच शब्द भरभर, अर्धा-पाऊण मिनिट म्हणत राहायचं. ताई आणि मी दोघींनी मिळून म्हटलं. ट्यूबलाइट, ट्यूबलाइट, ट्यूबलाइट... थोड्या वेळानं शब्दातली नांगी निघून गेली, उरला नुसता टकटक आवाज. ताई रडल्या. म्हणाल्या, "एवढंसंच होतं का हे?"

मात्र ही पद्धत पुस्तकातून उचलून जशीच्या तशी न्यूरोडायव्हर्जंट माणसाला लावता येत नाही. अ‍ॅक्टमध्ये उपमा फार. त्यातली एक प्रसिद्ध उपमा बसची आहे. तुम्ही बसचे ड्रायव्हर, त्रासदायक विचार म्हणजे मागे बसून ओरडणारे प्रवासी. त्यांना उतरवत बसायचं नाही, गाडी आपल्या रस्त्यानं न्यायची. मी एका तरुणाला हे एसटीच्या भाषेत सांगितलं. त्यानं विचारलं, "पण एसटीत कंडक्टर असतो. तो काय करतोय?" प्रश्न अगदी रास्त होता. त्या दिवसापासून मी उपमा कमी केल्या आणि कागद-पेन जास्त वापरू लागले. सत्राची वेळ, आज काय करायचं, किती वेळ, हे आधीच लिहून द्यायचं.

'डोळे मिटा आणि श्वासाकडे लक्ष द्या' हेही सगळ्यांना जमत नाही. काहींना श्वासाकडे लक्ष दिल्यावर जीव घाबरतो, काहींना शांत बसणं हीच शिक्षा असते. मग चालताना तळव्यांकडे लक्ष द्या. कोथिंबीर निवडताना बोटांकडे द्या. बोटं हलवायची असतील, गुणगुणायचं असेल, तर खुशाल. आणि 'कसं वाटतंय?' हा आमचा आवडता प्रश्न. ऑटिस्टिक व्यक्तींपैकी साधारण निम्म्या जणांना भावनेला नाव देणं अवघड जातं, असं अभ्यासांतून दिसतं. उत्तर आलं नाही म्हणजे सांगायचं नाही असं समजू नये. मी विचारते, जबडा आवळलाय का? पोटात काही आहे? दहापैकी किती?

आता जे सांगायला मी आज या माईकसमोर बसले आहे, ते सांगते. स्वीकार या शब्दाचा आपल्याकडे फार लवकर 'चालवून घे' असा अर्थ होतो. सुनेला सांगतात, चालवून घे. नोकरीत सांगतात, चालवून घ्या. आणि उपचार करणाऱ्यानं भान ठेवलं नाही, तर तोही गोड आवाजात तेच सांगू शकतो. त्या घूंऽऽ आवाजाचा स्वीकार करा, म्हणून. ही चूक माझ्या हातून झाली आहे. सुरुवातीच्या दोन सत्रांत मी ताईंना कार्यालयातला तो आवाज नुसता 'ऐकत राहायला' शिकवत होते. तिसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, "मॅडम, ती ट्यूब बदलता येणार नाही का?"

मी गप्प झाले. त्यांचं बरोबर होतं. त्यांचे कान नीट काम करत होते, बिघडला होता चोक. बदलता येण्यासारख्या गोष्टी सहन करायला शिकवणं हा उपचार नव्हे, तो छळ आहे. चारचौघांसारखं दिसायचा अभ्यास करून करून जी माणसं आधीच थकली आहेत, त्यांना आणखी एक सोसायचं तंत्र देऊ नका, अशी माझी माझ्याच व्यवसायातल्या सहकाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. स्वीकार हवा तो आतल्या ट्यूबलाइटसाठी. 'ट्यूब बदलून द्या' म्हणायला गेल्यावर पोटात येणारा गोळा, 'काय नाटकं करते' असं कुणी म्हणेल ही भीती, या गोष्टी सोबत घेऊन अर्ज लिहायचा. बांधिलकी म्हणतात ती हीच.

आणि अर्ज करण्याला कायद्याचाही आधार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. त्यात २१ प्रकार आहेत, ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अडचणी, त्यांत येतात. एडीएचडी वेगळी नोंदलेली नाही, हे मला खटकतं. सरकारी आस्थापनांनी दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयी द्याव्यात असं हा कायदा सांगतो. एक दिवा बदलणं यापेक्षा वाजवी काय असणार?

आणखी एकाबद्दल सांगते, तेही असेच जुळवलेले. वायरिंगची कामं घेणारे एक दादा, वय चव्वेचाळीस. डिस्लेक्सिया आहे. महाराष्ट्रात १९९६ पासून अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती मिळू लागल्या, त्या पहिल्या मुलांपैकी हे. दहावीला जास्तीचा वेळ मिळाला, पास झाले. सवलत शाळेत संपली, मेंदू तोच राहिला. कामाचं वाचन ते मोबाइलकडून करून घेतात, मोबाइल वाचतो आणि ते ऐकतात. त्यात काहीच कमीपणा नाही. पण धाकटी लेक रात्री गोष्टीचं पुस्तक घेऊन यायची आणि ते म्हणायचे, "बाबा दमलाय गं." रोज. मी विचारलं, तुम्हाला कसला बाप व्हायचंय? बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "जवळचा." त्या रात्री त्यांनी एक पान वाचलं. तीनदा अडखळले, कान तापले, घाम आला. लेकीनं एक शब्द सांगितला आणि पान उलटलं. लाज गेली नव्हती, ती शेजारी बसून होती. दादाही बसून होते.

हे सगळं माझ्याच खोलीतलं सांगते आहे असं वाटू नये. स्वीडनमध्ये योहान पांके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑटिस्टिक प्रौढांसाठी ही पद्धत मुद्दाम जुळवून घेतली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत ३९ जण होते. काहींना चौदा आठवड्यांचा गट-उपचार मिळाला, बाकीच्यांना नेहमीची सेवा. गटातल्यांचा ताण कमी झाला, जगण्याची प्रत सुधारली. चिंतेत मात्र दखल घ्यावी असा फरक पडला नाही. ३९ माणसं म्हणजे फार नव्हेत, हेही लक्षात असू द्या. आणि एडीएचडीसाठी डॉक्टरांनी औषध दिलं असेल तर ते या उपचारासाठी बंद करू नका. औषध लागतं हे मान्य करणं हाही स्वीकारच आहे. मन फारच खचलं असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येतं.

ताईंच्या कार्यालयातली ट्यूब बदलायला दोन महिने आणि तीन अर्ज लागले. दुसऱ्या अर्जाच्या वेळी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा हात थरथरत होते. तिसऱ्या वेळीही थरथरत होते, पण अर्ज देऊनच आल्या होत्या.

मध्यंतरी सुट्टीत त्या मुलाला घेऊन माहेरी गेल्या. दुपारची पंगत बसली होती. त्यांच्या मावशीनं मुलाला विचारलं, "कसा आलास रे बाळा?" मुलगा ताटाकडे बघत राहिला. कुणीतरी हसलं. मामा म्हणाले, "अरे बोल की! आईवर गेलाय, ट्यूबलाइट." ताई सांगत होत्या, की त्या क्षणी छातीत अगदी जुनं तेच धस्स झालं. त्यांनी वाढायचा डाव खाली ठेवला आणि म्हणाल्या, "थांबा जरा. येतंय त्याचं उत्तर."

सगळे थांबले. पंखा फिरत होता.

मुलानं वर बघितलं आणि सांगितलं, "कोयना एक्स्प्रेसनं. इंजिन डाव्या बाजूनं दिसलं, मिरजेच्या आधीच्या वळणावर."