पंगतीचा क्रम

(दृश्य: पेठ तालुका, डोंगरउतारावरील नागलीची शेते.)

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, गुजरातच्या सीमेलगत, पेठ आणि सुरगाणा हे तालुके आहेत. पावसाळ्यात येथे भात, नागली आणि वरई पिकते. दिवाळीनंतर मात्र अनेक कोकणा, वारली आणि महादेव कोळी कुटुंबे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. दिवसभर द्राक्षघडांची विरळणी आणि डिपिंग (घड औषधी द्रावणात बुडवणे) करून मुक्कामावर परतलेली बाईच चूल पेटवते, आणि पुरुषांची, मुलांची, सासू-सासऱ्यांची जेवणे आटोपल्यावर सर्वांत शेवटी स्वतःचे ताट वाढून घेते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. महाराष्ट्रातील स्त्रियांचा आकडा ५४.२ टक्के आहे. मासिक पाळी आणि बाळंतपणे यांमुळे स्त्रीला लोह अधिक लागते, हे खरे. पण जिला अधिक लागते तिच्याच वाट्याला उरलेली आमटी यावी, हे शरीराने ठरवलेले नाही. (आदिवासी भागात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणीही करावी लागते, तो आजार लोहाच्या गोळ्यांनी बरा होत नाही.)

लोहाच्या गोळ्या गावापर्यंत पोहोचतात. गरोदरपणी १८० दिवस रोज एक लाल गोळी, शाळकरी मुलींना आठवड्याला एक निळी. आशाताई त्या हातात देतात, पण घरात गेल्यावर गोळी घ्यायची की नाही, याचा निर्णय बहुधा सुनेच्या हाती राहत नाही. गोळीने मळमळते, शौचास काळे होते. शिवाय ‘बाळ मोठं होईल, बाळंतपण अडेल’ ही जुनी समजूत आहे, आणि त्याच समजुतीपोटी गरोदर सुनेला भाकरीही बेताचीच वाढली जाते. ‘गोळी खा’ एवढेच सुनेला सांगणारी जनजागृती म्हणूनच अपुरी ठरते, कारण ज्यांनी ऐकायला हवे ती सासू आणि पुरुषमंडळी अशा बैठकीला बोलावलेलीच नसतात.

(दृश्य: अंगणवाडी, दुपारचे जेवण.)

आदिवासी भागांसाठी राज्याने २०१५ मध्ये सुरू केलेली डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. गरोदर आणि स्तनदा मातेला दिवसातून एक वेळचे चौरस, गरम जेवण अंगणवाडीतच वाढावे, अशी तिची रचना आहे. घरी नेलेला शिधा सगळ्यांत वाटला जातो. अंगणवाडीतले ताट मात्र तिचेच असते, आणि तेथे तिच्याआधी कोणी जेवायचे राहिलेले नसते. आमच्या मते या योजनेचे मोल अंड्या-केळ्यांइतकेच या पंगतीत आहे.

परंतु हंगामात कुटुंब बागेवर गेले की गावातली अंगणवाडी मागे राहते. बाळ मोठे झाले की हक्क संपतो, आणि बारा-चौदा वर्षांच्या मुलीला त्या ताटावर जागाच नाही. ती घरी आईबरोबर, शेवटीच जेवते. क्रम बदलायचा तर तो घरातच बदलावा लागेल, आणि त्यासाठी पुरुषांइतकेच सासूशी बोलावे लागेल. तिचेही आयुष्य शेवटी जेवण्यातच गेले आहे. पण वय ४९ च्या पुढे गेल्यामुळे त्या पाहणीत तिचे हिमोग्लोबिन मोजले गेलेले नाही.