चित्र मुलाचे, निर्णयही मुलाचा

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळी जवळ आली की आपल्याकडच्या अनेक विशेष शाळांच्या कार्यशाळांमध्ये पणत्या रंगवण्याची लगबग सुरू होते. त्या पणत्या आपण कौतुकाने विकत घेतो आणि घ्याव्यातच, कारण त्यातून मोठ्या मुलांच्या हाताला काम मिळते. मात्र ज्या पणतीवरचा प्रत्येक ठिपका आधीच ठरलेला असतो, ती रंगवणाऱ्या मुलाविषयी काहीच सांगत नाही. वस्तू तयार करणे वेगळे आणि स्वतःला व्यक्त करणे वेगळे; दिव्यांग मुलांच्या वाट्याला यातले दुसरे फार कमी येते.

सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे मेंदूतील दोषाने स्नायूंवर ताबा राहत नसल्यामुळे, ज्या मुलाला खडू धरता येत नाही, त्याच्या हातावर हात ठेवून मोठी माणसे चित्र पुरे करतात. ते नीटनेटके होते, स्नेहसंमेलनात भिंतीवर लागते. पण रंग कोणी निवडला आणि कुठे थांबायचे हे कोणी ठरवले? त्याऐवजी ब्रशच्या दांडीला स्पंज गुंडाळून ती जाड करावी आणि कागद टेबलाला चिकटपट्टीने पक्का बसवावा, म्हणजे हाताला झटका आला तरी तो सरकत नाही. ओला, चिकट स्पर्श सहन न होणाऱ्या स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलाला कोरडे खडू द्यावेत. बोलू न शकणाऱ्या मुलासमोर दोन रंग धरून त्याची नजर कुठे स्थिरावते ते पाहावे. याला वेळ लागतो, आणि शिक्षकाचे खरे कौशल्य या वाट पाहण्यातच आहे, असे माझे मत आहे.

दृष्टिहीन मुलांना चित्रकलेच्या तासाला नुसते बसवून ठेवण्याचेही कारण नाही. रबराच्या पाटीवर पातळ प्लास्टिकचा कागद ठेवून बोथट टोकाने रेघ ओढली की ती उठून येते आणि बोटांना कळते. शाडूची माती तर सहज मिळते. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात व्हिएन्नामध्ये अंध मुलांना शिकवणारे व्हिक्टर लोवेनफेल्ड यांना असे आढळले, की मुलांच्या मातीकामात भावनेच्या किंवा स्पर्शाच्या दृष्टीने महत्त्वाचा अवयव इतरांपेक्षा मोठा होतो. अशा वेळी ‘हात एवढा मोठा नसतो’ म्हणून तो छाटणारा शिक्षक त्या मुलाचे म्हणणेच पुसून टाकतो.

शांतिनिकेतनचे चित्रकार विनोद बिहारी मुखर्जी यांची दृष्टी लहानपणापासून अधू होती. अशा मुलाला चित्रकला कशी जमेल, ही शंका तेव्हाही निघाली होती. तरी त्यांना शिकू दिले गेले. १९५७ च्या सुमारास त्यांची दृष्टी पूर्ण गेली, तेव्हा ते कागद कातरून चित्रे आणि मेणाच्या आकृती करू लागले आणि १९७२ मध्ये त्यांनी शांतिनिकेतनच्या कलाशाळेच्या, म्हणजे कलाभवनाच्या भिंतीवर फरशांचे मोठे भित्तिचित्र साकारले. सगळी मुले काही मुखर्जी होणार नाहीत. डोळस मुले तरी कुठे होतात?

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क कराराचे तिसावे कलम म्हणते, की दिव्यांग व्यक्तींना आपली सर्जनशीलता विकसित करण्याची संधी केवळ त्यांच्यासाठी नव्हे, तर समाजाच्या समृद्धीसाठीही मिळावी. मग प्रदर्शनात चित्राखाली मुलाच्या अपंगत्वाचा प्रकार लिहिण्याची प्रथा आपण का चालू ठेवावी? मुलाचे नाव, वय आणि त्याने स्वतः दिलेले शीर्षक एवढे तिथे पुरेसे आहे.