खणता येत होते, लिहिता येत नव्हते

मित्रहो,

कोल्हापुरात उभे राहून पोलंडविषयी बोलायचे तर सुरुवात वळिवड्यापासूनच करायला हवी. १९४३ ते १९४८ या काळात इथून जवळच पाच हजारांच्या आसपास पोलिश माणसे राहत होती. त्यांत बहुतेक बायका आणि मुले. ती कुठून आली, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत फौजांनी घेतला. फेब्रुवारी १९४० पासून तिथली कुटुंबे मालगाड्यांत भरून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेली. १९४२ मध्ये जी इराणमार्गे सुटली, त्यांतली काही पंचगंगेकाठी पोचली.

मला आज सांगायचे आहे ते याच्या पुढचे. युद्धानंतर पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट आली आणि ही हकीकत तिथे छापता येईना. ज्यांनी वळिवड्यात पाच पाच वर्षे काढली, ते इथवर कसे पोचले याला त्यांच्याच देशाच्या इतिहासात जागा उरली नाही. मग त्या देशातले इतिहासकार चाळीस वर्षे काय करत होते, हा प्रश्न मला बरीच वर्षे सतावत आला आहे.

पटकन सुचणारी उत्तरे दोन: काहींनी सरकारची तळी उचलली, बाकीचे गप्प बसले. तसे लोक होतेच. पण मध्ययुगाचा आणि पुरातत्त्वाचा जो अभ्यास त्या काळात पोलंडमध्ये झाला, तो युरोपातल्या उत्तम अभ्यासांत मोजला जातो. पॅरिसचे इतिहासकार वॉर्सातल्या लोकांना बरोबरीने वागवत होते. दडपशाही आणि विद्वत्ता एकाच इमारतीत कशी नांदली, हे समजून घ्यायचे आहे.

१९५१ च्या डिसेंबरअखेरीस वॉर्साजवळच्या ओत्वोत्स्कला इतिहासकारांची परिषद भरली आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत चालली. सोव्हिएत इतिहासकारांचे शिष्टमंडळ आले होते. इतिहास यापुढे मार्क्सवादी चौकटीत लिहायचा, कालखंड कसे पाडायचे, सरंजामशाही कुठून कुठवर मानायची, हे तिथे समजावण्यात आले. त्याच्या आसपासच क्राकूवचे वयोवृद्ध इतिहासकार व्वादिस्वाव कोनोप्चिन्स्की यांना स्वतः उभारलेल्या राष्ट्रीय चरित्रकोशातून बाजूला व्हावे लागले होते. १९५२ मध्ये ते वारले.

पण १९५३ मध्ये विज्ञान अकादमीची इतिहास संस्था उघडली, तेव्हा तिच्या प्रमुखपदी आले तादेउश मान्तोयफेल. या माणसाने १९२० च्या बोल्शेविकांविरुद्धच्या युद्धात उजवा हात गमावला होता आणि मग डाव्या हाताने लिहायला शिकला होता. जर्मन अंमलाखाली विद्यापीठे बंद असताना वॉर्सात इतिहासाचे गुप्त वर्ग त्यांनीच चालवले. ते पक्षाचे सभासद कधीच झाले नाहीत, तरी १९७० मध्ये मृत्यू येईपर्यंत संस्था त्यांच्याकडे राहिली. राजवटीला नव्या संस्था हव्या होत्या आणि त्या चालवायला खरी विद्वान माणसे लागत होती. ही गरज मान्तोयफेल यांनी ओळखली, असे मला वाटते.

आता पुरातत्त्वाकडे येतो. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

१९४५ मध्ये पोलंडची सरहद्द पश्चिमेला ओडर नदीपर्यंत सरकली. श्चेचिन, व्रोत्स्वाव ही जर्मन शहरे पोलंडमध्ये आली. ही भूमी मुळात आमचीच, असे सरकारला ठणकावून सांगायचे होते. शिवाय ९६६ मध्ये राजा मिएश्कोने बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून पोलंडचे राज्य सुरू झाले असे मानतात. म्हणजे १९६६ मध्ये हजार वर्षे भरणार. चर्च तो सोहळा बाप्तिस्म्याचा म्हणून करणार, हे उघड होते. सरकारला तो राज्याचा सोहळा म्हणून हवा होता. म्हणून १९४९ मध्ये पोलिश राज्याच्या आरंभाचा शोध घेणारी एक मोठी मोहीम उभी राहिली. तिचे प्रमुख होते अलेक्सांदेर गेइश्तोर, मध्ययुगाचे अभ्यासक आणि वॉर्साच्या १९४४ च्या जर्मनांविरुद्धच्या उठावात उतरलेले भूमिगत सैन्यातले अधिकारी. त्या सैन्यातली कितीतरी माणसे तेव्हा तुरुंगात होती आणि हे ग्न्येझ्नो, ओपोले, ग्दान्स्क, वोलिन इथली खोदकामे मार्गी लावत होते.

पैसा सरकारचा, प्रश्नही सरकारचा. पण खड्ड्यात उतरल्यावर थर दिसतात ते मातीचे. दहाव्या शतकातल्या त्या राज्याविषयी लेखी साधने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. या खोदकामांनी लाकडी तटबंद्या, ओंडक्यांचे रस्ते, कातड्याचे जोडे, धान्य, मासळीचे काटे असे ढीगभर पुरावे समोर आणले. राजांच्या इतिहासात माणसांची घरे आली. १९५३ मध्ये ‘भौतिक संस्कृतीच्या इतिहासाची संस्था’ स्थापन झाली. नाव सोव्हिएत साच्यातले होते. काम मात्र नांगर, चूल, भट्टी, जोडा यांचे, आणि ते कसून झाले.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. बिस्कुपिन हे नाव पोलंडमध्ये शाळकरी मुलालाही माहीत असते. १९३३ मध्ये वालेंती श्वायत्सेर या शाळामास्तरांना तिथल्या तळ्याकाठी पाण्यातून वर आलेली लाकडे दिसली. पोझ्नानचे प्राध्यापक यूझेफ कोस्त्शेव्स्की यांनी पुढच्या वर्षी खोदकाम सुरू केले. दलदलीत जपून राहिलेली, शंभरेक घरांची, तटबंदीची आखीव वस्ती निघाली. त्यातले अर्ध्याहून अधिक लाकूड इ.स.पू. ७३८-७३७ च्या हिवाळ्यात तोडलेले होते, हे पुढे झाडाच्या वलयांवरून ठरले. कोस्त्शेव्स्की म्हणाले, हे आद्य स्लाव, म्हणजे आमचे पूर्वज.

हे ठरवण्याची त्यांची पद्धत आली होती बर्लिनहून, त्यांचे गुरू गुस्ताफ कोसिना यांच्याकडून. एका धाटणीची भांडी जिथवर सापडतात तिथवर एक लोकसमूह, हे कोसिनांचे सूत्र. त्याच सूत्रावर कोसिना या प्रदेशात जर्मन पूर्वज दाखवत. युद्धात नाझींच्या एसएस या संघटनेच्या संशोधन विभागाने बिस्कुपिन पुन्हा खणले, आणि कोस्त्शेव्स्की नाव बदलून लपत राहिले. युद्ध संपल्यावर त्यांचा सिद्धान्त सरकारच्या गरजेशी तंतोतंत जुळला. कोस्त्शेव्स्कींची स्वतःच्या मतावर मनापासून श्रद्धा होती, ते विकले गेले नव्हते. तरी खापर कुठली भाषा बोलत होते ते खापरावरून कळत नाही, हे म्हणणे अवघड होऊन बसले. १९७० च्या दशकात क्राकूवचे काझिमिएश गोद्वोव्स्की यांनी ते स्पष्टपणे मांडले. स्लाव या प्रदेशात पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास पूर्वेकडून आले, आधीच्या वस्त्यांशी त्यांचा धागा जुळत नाही, असे त्यांनी पुराव्याने दाखवले. राष्ट्राच्या लाडक्या मताविरुद्ध त्याच राजवटीत उभे राहणे मला फार मोठे वाटते. सरकारच्या विरोधात लोक तरी पाठीशी असतात. पूर्वजांच्या विरोधात बोलणाऱ्याच्या पाठीशी कुणी नसते.

आर्थिक इतिहासाचे अभ्यासक वितोल्ड कुला आपल्याला लगेच कळतील, कारण आपल्याकडे ‘शीग’ हा शब्द आहे. पायली सपाट भरायची की शीग लावून, यावर गावोगाव भांडणे झाली आहेत. कुलांनी १९७० मध्ये मापांचा इतिहास लिहिला. जमीनदार घेताना शीग लावून घेतो आणि देताना फळी फिरवून सपाट देतो. धान्य खांद्याच्या उंचीवरून ओतले तर ते दबते आणि त्याच मापात जास्त मावते. पावाचा भाव तोच ठेवून वजन कमी केले जाते. वर्गसंघर्ष हा शब्द तेव्हा प्रत्येक सरकारी पुस्तकात होता. कुलांनी तो पायलीच्या काठावर शोधला. लादलेल्या मार्क्सवादातून इतके जिवंत काही निघू शकते, हे त्यांना वाचेपर्यंत मला खरे वाटले नसते.

कारोल मोद्झेलेव्स्की यांची गोष्ट वेगळी. १९६५ मध्ये यात्सेक कुरोन्यबरोबर त्यांनी पक्षाला उघड पत्र लिहिले: उत्पादनाची सगळी साधने पक्षाच्या नोकरशाहीच्या हातात आहेत आणि तीच आता शासक वर्ग आहे. साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. १९६८ मध्ये पुन्हा तुरुंग. या माणसाचा अभ्यासविषय मध्ययुग. १९७५ मध्ये त्यांचा पिआस्त या पोलंडच्या पहिल्या राजघराण्याच्या अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ आला. श्चितनिकी म्हणजे ढाली करणाऱ्यांचे गाव, पिएकारी भाजणाऱ्यांचे, सोकोल्निकी ससाणे पाळणाऱ्यांचे. अशा नावांची गावे राजाच्या सेवेला बांधलेली होती. सगळे काही राज्याच्या मालकीचे असेल तर माणूस कसा जगतो, हाच दोन्ही लेखनांतला प्रश्न, असे मला दिसते. १९८० च्या सप्टेंबरात नव्या कामगार संघटनेला ‘सोलिदार्नोश्च’, म्हणजे एकजूट, हे नाव त्यांनीच सुचवले.

मध्ययुगात जागा मिळत होती. विसाव्या शतकात मिळत नव्हती. १९७७ मध्ये तोमाश स्त्शिझेव्स्की हा क्राकूवच्या सेन्सॉर कचेरीतला तरुण त्या खात्याच्या गुप्त सूचना अंगावर लपवून स्वीडनला घेऊन गेला. त्यांत कातिनविषयी एक सूचना आहे. १९४० च्या वसंतात सोव्हिएत पोलिसांनी सुमारे बावीस हजार पोलिश कैद्यांना गोळ्या घातल्या, त्यांतले हजारो कातिनच्या जंगलात. सूचना अशी, की चरित्रात किंवा शास्त्रीय लेखनात ‘कातिन येथे मृत्यू’ असे लिहिले, तर मृत्यूची तारीख जुलै १९४१ नंतरचीच चालेल. कारण तेव्हा तिथे जर्मन पोचले होते. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून बसलो. इतिहासकाराला तारखेपलीकडे दुसरे काय असते? एप्रिल १९४० मध्ये मालगाड्यांत कोंबलेली कुटुंबे ही मुख्यतः त्या कैद्यांचीच होती.

येझी वोयेक हे अठराव्या शतकाचे अभ्यासक. राजा स्तानिस्वाव आउगुस्तवर त्यांनी लिहिले, जुन्या वृत्तपत्रांवर लिहिले, ते सगळे रीतसर छापले गेले. त्यांचे वडील डॉक्टर होते, कातिनला मारले गेलेले. १९८० मध्ये भूमिगत छापखान्यातून कातिन प्रकरणाचा इतिहास सांगणारे एक छोटे पुस्तक निघाले. लेखक म्हणून नाव होते लेओपोल्ड येझेव्स्की. येझेव्स्की हे आडनाव त्यांनी स्वतःच्या येझी या नावावरून केले होते, आणि लेओपोल्ड हे वडिलांचे नाव.

वोयेक १९८६ मध्ये गेले. मॉस्कोने कबुली दिली ती १३ एप्रिल १९९० रोजी.